वाचकांचे प्रश्न : घरपट्टी भरली म्हणजे घर अधिकृत होते का?

बांधकाम परवानगीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार या अंकासाठी निवडली आहेत. प्रश्न संक्षिप्त केले असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. पत्रलेखक मुंबईबाहेरचे असल्यामुळे उत्तरे डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतांश भागात लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीला धरून आहेत. बृहन्मुंबईसाठी स्वतंत्र नियमावली आहे, हे तेथील वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : गावठाणापासून सुमारे दीडशे मीटरवर आमची वडिलोपार्जित शेतजमीन आहे. सातबारावर आम्हा तिघा भावांची नावे आहेत. त्यातील दोन गुंठ्यांत मला घर बांधायचे आहे. ग्रामसेवक म्हणतात, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुरेसा आहे. शेजारी म्हणतात, जमीन बिनशेती करून नगररचना कार्यालयातून नकाशा मंजूर करून घ्यावा लागेल. नमुना आठला घराची नोंद झाली की पुढे कोणी विचारत नाही, असाही सल्ला मिळाला. यांतले खरे काय? (निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा)

उत्तर : तिसरा सल्ला सर्वांत घातक असल्यामुळे आधी त्याविषयी. नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. जागेवर इमारत उभी आहे आणि तिच्यावर कर बसवला आहे, याहून अधिक काहीही त्या नोंदीने सिद्ध होत नाही. जमिनीची मालकी त्यातून मिळत नाही आणि बांधकामाला परवानगी होती असेही ठरत नाही. शहरांत तर कायद्यानेच ही गोष्ट उघड सांगितली आहे. महापालिका अधिनियमाच्या कलम 267 अ प्रमाणे अनधिकृत इमारतीवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती आकारता येते आणि ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झाले असे मानले जात नाही. वीजमीटर, नळजोड, घरपट्टीची पावती या तिन्हींच्या भरवशावर आयुष्यभराची पुंजी घालणारी माणसे आजही भेटतात, आणि त्यांना असे सांगणारी मंडळी बहुधा स्वतःचे घर मात्र मंजूर नकाशानेच बांधतात.

आता ग्रामसेवकांच्या म्हणण्याकडे वळू. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धे. नियमावलीतील जोखमीवर आधारित वर्गीकरणानुसार 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर ठरलेल्या मर्यादेतील घर बांधताना मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मालकीची कागदपत्रे, नकाशे, आराखडा नियमांनुसार असल्याचा वास्तुविशारदाचा किंवा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि शुल्क जमा करून पोच घेतली की काम सुरू करता येते. भूखंड 150 ते 300 चौरस मीटरच्या दरम्यान असेल, तर कागदपत्रे पाहून दहा दिवसांत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची लेखी परवानगी, देणे अपेक्षित आहे. ग्रामीण भागात हे काम ग्रामपंचायतीने नगररचनाकाराच्या मंजुरीविना करावे, असा निर्णय ग्रामविकास विभागाने 2021 मध्ये घेतला. आपले दोन गुंठे म्हणजे सुमारे 202 चौरस मीटर, म्हणजे आपण दुसऱ्या गटात बसता. मात्र तिथेही ग्रामपंचायतीकडून हवे असते ते प्रारंभ प्रमाणपत्र. सरपंच-ग्रामसेवकांच्या सहीचा ‘आमची हरकत नाही’ एवढाच मजकूर असलेला दाखला त्याची जागा घेत नाही.

इथे एक अट नजरेतून निसटते. 150 आणि 300 चौरस मीटर हे आकडे भूखंडाच्या क्षेत्राचे आहेत, घराच्या नव्हे. आपले दोन गुंठे आज तिघांच्या सामाईक सातबारात मिसळलेले आहेत, त्यांना स्वतंत्र भूखंड म्हणून कागदावर ओळखच नाही. त्यामुळे आधी भावांशी बोलून मार्ग ठरवावा. तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून पोटहिस्स्याची मोजणी करून घेणे हा पक्का मार्ग आहे, परंतु इतका लहान तुकडा शेतजमिनीतून वेगळा काढताना तुकडेबंदी कायद्याचा (शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास आळा घालणाऱ्या) मुद्दा उपस्थित होऊ शकतो, हे गृहीत धरून तलाठ्यांकडे व तहसील कार्यालयात आधी विचारणा करावी. वाटप इतक्यात होणार नसेल, तर अर्जावर तिघांच्याही सह्या किंवा दोघा भावांचे रीतसर संमतीपत्र लागेल आणि त्या अर्जाला वरील सवलत लागू होते की नाही, हे नगररचना कार्यालयातून लेखी घ्यावे. भावाभावांत कशाला कागद, असे म्हणून हा टप्पा ओलांडू नये. भावांचा विश्वास असला तरी पुढच्या पिढीचा असेलच असे नाही, आणि घर तर पुढच्या पिढीसाठीच बांधले जाते.

बिनशेतीबाबत शेजाऱ्यांची माहिती जुनी आहे. जमीन महसूल संहितेत नंतर घातलेल्या कलम 42 ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमीन निवासी वापरासाठी अकृषिक झाल्याचे मानले जाते. स्वतंत्र परवानगीची गरज राहत नाही. पूर्वी त्यासाठी रूपांतरण कर व अकृषिक आकारणी भरून सनद घ्यावी लागे; आता काय भरायचे, ते तहसील कार्यालयात विचारून घ्यावे. हे 200 मीटर गावठाणाच्या नकाशावरील हद्दीपासून मोजतात, वस्तीतल्या शेवटच्या घरापासून नव्हे. आपल्याकडे वस्ती गावठाणाबाहेर बरीच सरकलेली असते, त्यामुळे ‘साधारण दीडशे मीटर’ हे अंतर नकाशावर तपासून घ्यावे. सातबारावर भोगवटादार वर्ग 2 (हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन) असा शेरा असेल, तर नजराणा, म्हणजे शासनाला द्यायची रक्कम, आणि पूर्वपरवानगीचा वेगळा विषय निघतो.

आपला जिल्हा पाहता आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. जमीन कृष्णा किंवा वारणेच्या काठच्या पट्ट्यात असेल, तर पाटबंधारे विभागाने आखलेल्या पूररेषा पाहाव्यात. निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. निळ्या रेषेच्या आत नवे घर मंजूर होत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या दरम्यान जोत्याच्या उंचीची अट घालून परवानगी मिळू शकते. 2019 चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना या अटीचे कारण समजावून सांगावे लागू नये.

प्रश्न : पुण्याजवळच्या आमच्या सोसायटीत 2014 पासून आम्ही राहतो. बिल्डरने अद्याप भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) आणून दिलेले नाही. पाणी टँकरचे आहे, कर मात्र नियमित भरतो. आता कर्ज घेऊन फ्लॅट विकत घेणारे ग्राहक परत फिरतात. इतक्या वर्षांनी काही करता येईल का? (सोसायटीचे सचिव)

उत्तर : करता येईल. मुदत संपली असे सांगून आपल्याला कोणी परत पाठवत असेल, तर 11 जानेवारी 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करावा. मुंबईच्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या त्या प्रकरणात भोगवटा प्रमाणपत्राअभावी सदस्यांना मालमत्ता कर 25 टक्के आणि पाणीपट्टी 50 टक्के जादा दराने भरावी लागत होती. प्रमाणपत्र मिळवून देणे हे बिल्डरचे कर्तव्य आहे, ते मिळवून न देणे ही सेवेतील त्रुटी आहे आणि ही चूक दररोज चालू राहणारी असल्यामुळे तक्रारीचा हक्कही शिल्लक राहतो, असे न्यायालयाने म्हटले.

मात्र वकिलाकडे जाण्यापूर्वी प्रमाणपत्र नेमके कशावर अडले आहे ते शोधा. सोसायटीच्या सभांमधून ‘बिल्डर देत नाही’ एवढेच ऐकू येते, पण ते देते नियोजन प्राधिकरण, म्हणजे महापालिकेसारखी परवानगी देणारी संस्था, आणि नाकारताना तिने कारण लिहिलेले असते. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशांचे संच, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जोते तपासणीचा दाखला आणि भोगवट्याच्या अर्जावरचा पत्रव्यवहार मागवा. त्यानंतर एखाद्या वास्तुविशारदाला बरोबर घेऊन नकाशा हातात धरून इमारतीभोवती फिरा. नकाशावर प्रस्तावित काम लाल रंगात असते; त्या लाल रेषेपासून हद्दीपर्यंत जितके सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) लिहिले आहे, तितके टेपने भरते का पाहा. वाहनतळाच्या जागी भिंती घालून दुकान किंवा कार्यालय झाले आहे का, खुल्या जागेवर जनरेटरची खोली आली आहे का, अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला घेतला होता का, हे तपासा. अडचण थकलेल्या शुल्काची असेल तर महिन्यांत सुटते. मंजुरीपेक्षा एक मजला जास्त चढवला असेल, तर लढाई वेगळी आणि लांबची आहे. वरळीच्या कॅम्पा कोला संकुलात पाच-सहा मजल्यांच्या मंजुरीवर वीस मजल्यांपर्यंत इमारती चढल्या. वर्षानुवर्षे कर भरणाऱ्या रहिवाशांना 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नाही.

आपल्या प्रकल्पाला 1 मे 2017 रोजी पूर्णत्वाचा दाखला नव्हता, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता प्रकल्पांच्या नियमनाच्या कायद्याखाली त्याची नोंदणी होणे आवश्यक होते. ती झाली का, हे महारेरा या त्या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा. तक्रारीचा तो दुसरा मार्ग आहे. दरम्यान जमिनीचे मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने सहकार्य न केल्यासही जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची प्रक्रिया, पूर्ण करून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून ते अडवून ठेवण्याचे कारण नाही, आणि जमीन सोसायटीच्या नावावर असली की बिल्डरशी बोलण्याचा सूरही बदलतो.

प्रश्न : फ्लॅट बुक करायचा आहे. प्रकल्पाला महारेरा क्रमांक आहे. मग बाकी कागद पाहण्याची गरज आहे का? (वाचक, ठाणे जिल्हा)

उत्तर : आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण आहे. कल्याण-डोंबिवलीतील 65 इमारतींनी महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी दाखवून महारेरा क्रमांक मिळवल्याचे उघड झाले आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथल्या खरेदीदारांकडे क्रमांकही होता आणि नोंदणीकृत करारही. म्हणून प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत बिल्डरकडून घ्या, पण खातरजमा महापालिकेच्या नगररचना विभागात किंवा तिच्या संकेतस्थळावर करा. प्रमाणपत्र किती मजल्यांपर्यंत आहे ते वाचा. पूर्ण इमारतीची जाहिरात आणि जोत्यापुरते किंवा काही मजल्यांपुरते प्रमाणपत्र, हा प्रकार सर्रास दिसतो. नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम मागता येत नाही. करारानंतर मंजूर नकाशात मोठा बदल करायचा झाल्यास दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. ती आगाऊ, सरसकट देऊन टाकणारे कलम करारात घुसवलेले नाही ना, ते पाहा.

याशिवाय 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मंजूर नकाशा कामाच्या जागी संपूर्ण बांधकामकाळात लावून ठेवण्याचे निर्देश दिले आहेत. जागा पाहायला जाल तेव्हा तो कुठे लावला आहे असे विचारा. उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहूनही काही गोष्टी कळतात.

प्रश्न : आम्ही बंगल्याच्या गच्चीवर परवानगी न घेता दोन खोल्या बांधल्या. नगरपरिषदेची कलम 53 ची नोटीस आली आहे. दंड भरून विषय मिटेल का? (गृहिणी, सातारा जिल्हा)

उत्तर : केवळ दंडाने मिटत नाही. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार नोटिशीत दिलेल्या मुदतीत आपण बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम 44 खाली परवानगीचा अर्ज करू शकता, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस अमलात येत नाही. म्हणून नगरसेवकांना फोन करण्यात मुदत घालवू नका. परवानाधारक अभियंत्याकडून आज दोन गोष्टी तपासून घ्या. भूखंडावर चटईक्षेत्र, म्हणजे बांधता येणारे एकूण क्षेत्र, शिल्लक आहे का, आणि खालचे खांब व पाया हा भार घेतात असे संरचना अभियंता लिहून देतो का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर सुधारित नकाशा देऊन आणि प्रशमन शुल्क (बांधकाम नियमित करण्यासाठीची रक्कम) भरून खोल्या वाचू शकतात. चटईक्षेत्र अपुरे पडत असल्यास अधिमूल्य (प्रीमियम) भरून ते वाढवून मिळते का, हे आपल्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. पायाच भार घेत नसेल, तर नोटीस आली नसती तरी त्या खोल्या उतरवायलाच हव्या होत्या. अर्ज नाकारला गेल्यास कलम 47 खाली शासनाकडे अपील करता येते आणि त्याची मुदत आदेश कळवल्यापासून 40 दिवसांची आहे. त्यामुळे आदेश हाती आल्याची तारीख लिफाफ्यासह जपून ठेवा.