प्रश्न तुमचे: एका शिखरावरून युद्ध समजून घेताना

प्रश्न: शाळेच्या इतिहास संशोधन प्रकल्पासाठी मी ‘आधुनिक युद्धं कशी लढली जातात’ हा विषय घेतलाय. हातात पाच आठवडे आहेत. नेटवर शोधलं की रणगाडे, अणुबॉम्ब, ड्रोन, सायबर हल्ले सगळं एकदम समोर येतं. सुरुवात कुठून करू?
– नववीतील विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: विषय बदलू नकोस, लहान कर. एक युद्ध, त्यातलं एक शिखर आणि त्या शिखरासाठीच्या लढाईचे तीन आठवडे एवढंच घे. आमची सूचना आहे १९९९चं कारगिल आणि त्यातलं तोलोलिंग. या युद्धाची सरकारी चौकशी झाली, तिचा अहवाल काही भाग वगळून जाहीर झाला, आणि लढलेली माणसं आज आपल्यात आहेत.

पहिला प्रश्न वहीत असा लिही: ‘तोलोलिंग घेतल्याशिवाय चालणार नव्हतं, ते का?’ उत्तर रस्त्यात आहे. श्रीनगर-लेह महामार्ग द्रास गावावरून जातो आणि तोलोलिंग त्याच्या डोक्यावरच उभं आहे. वर बसलेल्याला खालची प्रत्येक गाडी दिसते आणि तो तिच्यावर तोफांचा मारा अचूक करवू शकतो. त्यातच या महामार्गावरची जोझिला खिंड तेव्हा हिवाळ्यात महिनोन्महिने बर्फाने बंद असायची, म्हणजे लडाखची वर्षभराची बेगमी उन्हाळ्यातच, मुख्यतः याच वाटेने, वर न्यावी लागायची. मे-जूनमध्ये हा रस्ता अडला तर पुढचा सगळा हिवाळा अडचणीत यायचा.

दुसरा प्रश्न: ‘सुरुवातीचे हल्ले का फसले?’ मे महिन्याच्या अखेरीस १८ ग्रेनेडिअर्स या भारतीय पलटणीने चढाई सुरू केली. उतार उघडा, आडोशाला झाडझुडूप नाही, हवा विरळ, पाठीवर ओझं आणि वर दगडी मोर्च्यांत बसलेला शत्रू. दिवसा चढावं तर दिसतो, रात्री चढावं तर उजाडायच्या आत माथा गाठावा लागतो. पुढे तोफा जमवून डोंगर भाजून काढला, तेव्हा १२-१३ जूनच्या रात्री २ राजपुताना रायफल्स या पलटणीने माथा घेतला. या मधल्या दिवसांत काय बदललं, हाच तुझ्या प्रकल्पाचा गाभा.

इथे थोडं गणित कर. बोफोर्स तोफेचा १५५ मिमीचा एक गोळा साधारण ४३ किलोचा असतो. हजार गोळे म्हणजे ४३ टन. पाच टन भार घेणाऱ्या ट्रकांनी आणायचे तर नऊ खेपा, आणि त्यात गोळ्यामागची दारू धरलेलीच नाही. संपूर्ण युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून जास्त गोळे, रॉकेटं आणि उखळी तोफांचे बॉम्ब डागले. सगळे ४३ किलोचे नव्हते, १०५ मिमीचा गोळा बराच हलका असतो, पण यावरून अंदाज येतो. यातला बराच माल शत्रूच्या नजरेखालच्या त्याच रस्त्याने आला. बहुतेक प्रकल्पांत तोफेचं चित्र चिकटवलेलं असतं, पण गोळा तोफेपर्यंत कसा पोचला ते कुणी लिहीत नाही. तू ते लिही.

हवेचाही एक परिच्छेद कर. विरळ हवेत गोळ्याला विरोध कमी होतो, म्हणून तो सपाटीपेक्षा लांब जातो. तोफेचा नेम धरण्यासाठी सपाटीवर बनवलेल्या कोष्टकांवर विसंबलं तर नेम चुकतो. विमानांतून टाकलेल्या बॉम्बांचंही तेच. हवाई दलाने २६ मेला हल्ले सुरू केले. २७ तारखेला एक मिग-२७ इंजिन बंद पडून गेलं आणि एक मिग-२१ पाडलं गेलं, २८ला एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरच्या क्षेपणास्त्राने पाडलं. त्यानंतर विमानं त्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर, उंचावरून हल्ले करू लागली आणि मिराज-२०००वरून लेसरने दिशा दिलेले बॉम्ब वापरले गेले. शिवाय नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा सरकारचा आदेश होता. दोन्ही देशांनी वर्षभरापूर्वीच, मे १९९८मध्ये, अणुचाचण्या केल्या होत्या. ‘आधुनिक’ या शब्दाचा अर्थ तुला इथे सापडेल: हातात शस्त्र आहे, तरी ते कुठवर वापरायचं याला मर्यादा आहे.

प्रश्न: एकाच गोष्टीचे वेगवेगळे आकडे मिळतात. मुलाने कोणता लिहावा?
– एक पालक, डोंबिवली

उत्तर: सगळे लिहावेत, पण प्रत्येकापुढे तो कुणाचा आणि कधीचा हे हवं. भारताचे ५२७ सैनिक धारातीर्थी पडले, हा आपल्या सरकारचा आकडा. पाकिस्तानी बाजूचा आकडा मात्र कोण सांगतो त्यावर बदलतो. २०१०मध्ये पाकिस्तानी लष्कराने स्वतःच ४५३ जणांची यादी प्रसिद्ध केली. भारतीय अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत.

मुलाला पोस्टकार्डाएवढी कार्डं कापून द्या. एका कार्डावर एकच विधान. खाली चार ओळी: कोण म्हणालं, कधी, तो तिथे होता का, याच्या उलट कोण सांगतं. चाळीसेक कार्डं झाली की प्रकल्पाचा सांगाडा आपोआप दिसतो.

या पद्धतीचा फायदा एका उदाहरणातून पाहा. ‘शिखरांवर बसलेले आमचे सैनिक नाहीत, मुजाहिदीन म्हणजे सैन्याबाहेरचे लढवय्ये आहेत,’ असं पाकिस्तान सुरुवातीला सांगत होतं. हे झालं एक कार्ड. दुसरं कार्ड: पाकिस्तानचे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मुशर्रफ आणि त्यांचे चीफ ऑफ जनरल स्टाफ यांच्यातलं कारगिलच्या कारवाईबद्दलचं फोनवरचं संभाषण भारताने ११ जून १९९९ला जाहीर केलं. तिसरं कार्ड: पाकिस्तानने आपला सर्वोच्च शौर्यसन्मान, निशान-ए-हैदर, याच युद्धासाठी कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हा हुद्दा नव्हे, नावच) आणि नॉर्दर्न लाइट इन्फंट्री या पाकिस्तानी दलाचे हवालदार लालक जान यांना दिला. तीनही कार्डं शेजारी ठेवली की निष्कर्ष मुलगा स्वतः काढेल. तो तुम्ही सांगू नका.

प्रश्न: प्रदर्शनात डोंगराची प्रतिकृती ठेवायची आहे. थर्माकोलची दरवेळी ओबडधोबड होते.
– इतिहास शिक्षक, चिपळूण

उत्तर: खोक्याचा पुठ्ठा घ्या, त्याची जाडी बहुधा ३ ते ४ मिमी असते. ४ मिमीचा मिळाला तर प्रमाण सोपं होतं: जमिनीवरचा १ किमी म्हणजे ४ सेंमी, आणि उंचीचे १०० मीटर म्हणजे एक थर. द्रास सुमारे ३,२०० मीटरवर आहे आणि तोलोलिंगचा पॉइंट ४५९० नावाप्रमाणेच ४,५९० मीटरवर. म्हणजे चौदा थर, साडेपाच सेंमी उंची. तळ २४ बाय २० सेंमी पुरतो.

मुलांना ही उंची बुटकी वाटते आणि ती थर दुप्पट करतात. तसं केलं की उतार खोटा होतो आणि ‘इथून चढता आलं असतं का’ या प्रश्नाचं उत्तरही खोटं येतं. दाखवायला उंची वाढवायचीच असेल, तर किती पट वाढवली ते पाटीवर लिहा. सीमाभागाचे सविस्तर नकाशे सर्वांना मिळत नाहीत, त्यामुळे समोच्च रेषांसाठी, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या ज्या रेषांवरून थर कापायचे त्यांच्यासाठी, गूगल अर्थवरच्या उंचीचा आधार घ्या. देशाची सीमा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच काढा. परदेशी संकेतस्थळांवरचा नकाशा तसाच छापून लावला की जम्मू-काश्मीरची सीमा चुकते, आणि प्रदर्शनात पहिला आक्षेप त्यावरच येतो. थर चिकटवताना फेव्हिकॉल पातळ करू नका, पुठ्ठा फुगून कडा वर येतात. तीन-तीन थर चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवा.

प्रश्न: गावातल्या निवृत्त जवानाची मुलाखत घ्यायची आहे. काय विचारावं?
– दहावीतील विद्यार्थी, सातारा जिल्हा

उत्तर: ओळख नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन जा. ‘किती मारले?’ हे विचारू नकोस. त्याऐवजी पाणी कुठून मिळायचं, पाठीवर किती वजन होतं, वायरलेसची बॅटरी थंडीत किती टिकायची, जखमीला खाली आणायला किती माणसं लागायची, असं विचार. अशा उत्तरांतून युद्ध दिसतं. मोबाईलवर रेकॉर्ड करण्याआधी परवानगी घे आणि लिहून झाल्यावर मजकूर त्यांना वाचून दाखव. एखादी गोष्ट सांगायची नाही असं ते म्हणाले, तर पुन्हा विचारू नकोस. शहीद जवानाच्या घरी मात्र शिक्षकांना बरोबर घेतल्याशिवाय जाऊ नकोस.

प्रश्न: युक्रेनमधल्या ड्रोन हल्ल्यांचे व्हिडिओ वापरले तर चालतील का?
– अकरावीतील विद्यार्थी, मडगाव

उत्तर: मुख्य पुरावा म्हणून नको. व्हिडिओ गेममधली दृश्यं या युद्धाची म्हणून फिरवली गेली आहेत, आणि खऱ्या चित्रफितीही सहसा यशस्वी हल्ल्यांच्याच टाकल्या जातात. चुकलेला ड्रोन क्वचितच दिसतो. तुलनेसाठी शेवटी एक पान दे. द्रासला डोंगरावर बसलेला निरीक्षक जे काम करायचा, ते आता वर घिरट्या घालणारा छोटा ड्रोन करतो. माथा ताब्यात नसला तरी रस्ता दिसतो. त्यामुळे माल रात्री, लहान गाड्यांतून आणि विखरून न्यावा लागतो. एवढा एकच मुद्दा धर आणि तो तोलोलिंगच्या पानाला जोड.