बुद्धिबळात इटालियन ओपनिंगमध्ये (डाव सुरू करायची एक ठराविक पद्धत) काळ्याने खेळताना एफ७ वरचा (राजाशेजारच्या प्याद्यावरचा) लवकरचा हल्ला कसा टाळायचा?

सोप्पं आहे, तिसऱ्या चालीला समोरच्याने उंट सी४ ला आणला की तुम्ही घोडा एफ६ ऐवजी उंट सी५ खेळा, कारण मग तुमच्या वजिराची जी५ वर नजर राहते अन् त्याने घोडा तिथं आणला तर फुकटात जातो. आमच्या सोलापुरात शाळेच्या स्पर्धांना पोरं घोडा जी५ चाच सापळा लावून बसलेली असतात बे, दुसरं काही येतच नाही निम्म्यांना.

आणि घोडा एफ६ च खेळायचा असेल तर घोडा जी५ ला डी५ प्यादं ढकला, त्यानं मारलं की घोड्यानं परत मारू नका, तिथंच तो घोड्यानं एफ७ चं प्यादं खाऊन, वजीर एफ३ शह देऊन तुमच्या राजाला भर चौकात ओढतो. त्याऐवजी घोडा ए५, उंटावर हल्ला. एक प्यादं जातं, पण डाव तुमच्या हातात येतो.

एच६ ला प्यादं घाबरून आधीच खेळू नका, एक चाल वाया. आणि कॅसलिंग (राजा अन् हत्तीची एकत्र चाल) झाल्यावर पिन (समोरच्याच्या उंटामुळे वजिरापुढं अडकलेला घोडा) सोडवायला जी५ प्यादं ढकलणं म्हणजे स्वतःच दार उघडणं, ते कॅसलिंगच्या आधी चालतं.