अंगठीला अंगठी घासते तेव्हा

(दागिन्यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात कोल्हापूरच्या गुजरीत काम करणाऱ्या एक सुवर्णकार उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, साखरपुड्यात मिळालेली २२ कॅरेटची साधी पट्टीची अंगठी पंचवीस वर्षं माझ्या बोटात आहे. येत्या लग्नाच्या वाढदिवसाला यजमान मला प्लॅटिनमची हिऱ्याची अंगठी करणार आहेत. दोन्ही एकाच बोटात घालायची माझी फार इच्छा आहे. पिवळ्याशेजारी पांढरं शोभेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : शोभेल. पिवळं-पांढरं एकत्र घालण्यात आता कुणाला काही वावगं वाटत नाही. तुम्ही रंगाचं विचारलंत, पण मला काळजी वाटते ती कठीणपणाची. एका बोटात शेजारी-शेजारी बसलेल्या अंगठ्या दिवसभर एकमेकींना घासत असतात. भांडी घासताना, कणीक मळताना, बसचा दांडा धरताना. अशा वेळी जी मऊ असते ती झिजते.

२२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. उरलेले ८४ भाग बहुतेक तांबं आणि चांदी. एवढ्या मिश्रणाने सोनं जरा घट्ट होतं, पण मऊच राहतं. दागिन्याचं प्लॅटिनम सहसा ९५० कसाचं असतं आणि २२ कॅरेटच्या सोन्यापेक्षा चांगलंच कठीण असतं. त्यात आणखी एक गोष्ट आहे. प्लॅटिनमवर ओरखडा पडला की धातू कडेला सरकतो, फारसा झडत नाही. सोनं मात्र कणाकणाने झडतं. म्हणजे या जोडीत झिजणार ती तुमची साखरपुड्याची अंगठी.

अशी एक जोडी गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आली होती. जुनी पट्टी भिंगाखाली धरली तर तिची एक कड गोल, हाताला मऊ लागणारी, मूळ घडणीतली. दुसरी कड, जिला नवी अंगठी टेकायची, ती सपाट होऊन धारेवर आलेली. नव्या अंगठीतल्या हिऱ्याची कंबर, म्हणजे त्याची सर्वांत रुंद कड, जिथे लागत होती तिथे करवतीने कापावी तशी खाच. आतल्या बाजूला नाव कोरलेलं होतं, त्याचं पहिलं अक्षर अगदी काठावर आलं होतं. अक्षर हललं नव्हतं, काठच आत सरकला होता. घालणाऱ्या बाईंना यातलं काही जाणवलं नव्हतं, कारण झीज इतकी सावकाश होते की रोज पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. प्लॅटिनमचीच हौस असेल तर ती दुसऱ्या हातात घाला. एकाच बोटात घालायच्या असतील तर नवी अंगठी पिवळ्या सोन्यात करा आणि पांढरा धातू हिऱ्याच्या कोंदणापुरता ठेवा. हिऱ्यासाठी १८ कॅरेट घ्यावं लागेल, कारण हिरा धरणारी नखं २२ कॅरेटमध्ये केली तर कपड्यात अडकून वाकतात आणि एक दिवस खडा हरवतो. १८ कॅरेटही २२ पेक्षा कठीणच आहे, पण नवी अंगठी घडवतानाच काळजी घेता येते. जुन्या पट्टीला टेकणारी बाजू गोल आणि गुळगुळीत ठेवायला सांगा. हिरा थोडा उंच बसवा किंवा चारही बाजूंनी बंद कोंदणात घ्या, म्हणजे त्याची कंबर शेजारणीला लागणार नाही. हिऱ्यापुढे कोणताच धातू टिकत नाही, त्यामुळे या बाबतीत कारागिराला भीड न बाळगता दोनदा सांगा.

मला स्वतःला आवडणारा आणखी एक उपाय आहे. दोन अंगठ्यांच्या मध्ये २२ कॅरेटचं एक बारीक वेढं घाला. तुमच्या जुन्या अंगठीशी त्याचा कस जुळतो, आणि कठीण बाजूची झीज ते सोसतं. काही वर्षांनी ते पातळ झालं की बदलायचं. मूळ अंगठी शाबूत राहते.

रंगाबद्दल एवढंच, की १८ कॅरेटचं पिवळं २२ पेक्षा फिकं दिसतं. त्यातल्या २५० भागांत चांदी किती आणि तांबं किती यावर छटा ठरते. तांबं जरा वाढवलं की ती २२ च्या उबेकडे झुकते, फार वाढवलं की गुलाबी सोनं होतं. जुनी अंगठी बोटातून काढून पेढीवर न्या, नमुन्याच्या पट्टीशेजारी ठेवा आणि दुकानाच्या दिव्याखाली न बघता दारात, उजेडात येऊन बघा.

दोन्ही अंगठ्या झाळून एकच करण्याचा सल्ला तुम्हाला कुणी देईल. घासणं थांबतं हे खरं. पण पंचवीस वर्षांची अंगठी तिच्या तिच्या रूपात राहावी असं मला वाटतं. एकदा झाळली की ती सुटी करताना दोन्हींना शेगडी दाखवावी लागते.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आमचं चर्चमध्ये लग्न आहे. मला व्हाइट गोल्ड आवडतं, होणारे मिस्टर प्लॅटिनम म्हणतात. ते वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. दोघांच्या अंगठ्या एकाच धातूच्या असायलाच हव्यात का? – एक वाचक, वसई

उत्तर : असायलाच हव्यात असं नाही. दोन वेगवेगळ्या हातांतल्या अंगठ्या एकमेकींना घासत नाहीत, त्यामुळे तिथे कस जुळवण्याची सक्ती नाही. तरी जोडी दिसावी असं वाटत असेल तर पट्टीची रुंदी, कडेची गोलाई आणि आतला कोरीव मजकूर एकसारखा ठेवा. धातू वेगळे असले तरी डोळ्याला ती जोडीच वाटते.

व्हाइट गोल्ड घेताना एक माहीत असू द्या. पांढरं सोनं खाणीतून निघत नाही. पिवळ्या सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून ते फिकं करतात आणि वरून रोडियमचा मुलामा देतात. दुकानात डोळे दिपवते ती चकाकी या मुलाम्याची. तो तळहाताकडच्या बाजूने आधी उडतो आणि खालची पिवळसर झाक दिसू लागते. पुन्हा मुलामा देता येतो, अवघड काम नाही, पण रोजच्या वापरात वर्षा-दोन वर्षांनी ते करावं लागेल हे धरून चाला. त्वचेला खाज सुटण्याचा त्रास असेल तर निकेलचं सोनं घेऊ नका. मिश्रणात काय आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्लॅटिनम आतूनबाहेरून पांढरंच. त्याला मुलामा लागत नाही. चकाकी मात्र हळूहळू मंदावते आणि त्यावर बारीक ओरखड्यांची जाळी येते. काहींना ती आवडते, नाही आवडली तर उजाळा देता येतो. भावाची तुलना करताना ग्रॅमचा दर पाहून फसू नका. गेली काही वर्षं प्लॅटिनम ग्रॅममागे सोन्याहून स्वस्त आहे, पण ते जड असतं. त्याच मापाची, त्याच जाडीची अंगठी १८ कॅरेटपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त वजनाची भरते. घडणावळही जास्त, कारण प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळतं आणि सोनं १०६४ ला. प्रत्येक पेढीकडे त्याची सोय नसते. मोडीला नेताना घेणारी दुकानंही कमीच मिळतात. म्हणून पूर्ण अंगठीची किंमत दोन्हींत काढून घ्या आणि मग ठरवा.

आणि कृपा करून, लेथवर उभं राहताना तुमच्या होणाऱ्या मिस्टरांनी कोणत्याही धातूची अंगठी घालू नये. फिरत्या यंत्रात अंगठी अडकली तर बोट जातं. गळ्यातल्या साखळीत ओवणं हाही तिथे उपाय नाही, तीही अडकते. कामावर जाताना अंगठी घरी ठेवावी. टंगस्टनची अंगठी कठीण असते म्हणून कारखान्यात चालेल असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. ती पुढे बोटाच्या मापाने वाढवताही येत नाही.

प्रश्न : नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही श्टुटगार्टला असतो. लग्नाच्या अंगठ्या इथेच घेतल्या, त्यांच्या आत ५८५ असा शिक्का आहे. आता आई वाढदिवसाला ९१६ ची अंगठी पाठवते आहे आणि म्हणते, तुमचं सोनं हलकं आहे. फसलो का आम्ही?

उत्तर : अजिबात नाही. ५८५ म्हणजे हजारात ५८५ भाग सोनं, १४ कॅरेट. जर्मनीत लग्नाच्या अंगठीसाठी हा नेहमीचा कस आहे. तिथे तर ३३३ चंही सोनं विकलं जातं. आपल्याकडेही १४ कॅरेटला हॉलमार्क मिळतो. आईंचं म्हणणं मोडीच्या दृष्टीने बरोबर आहे, रोज वापरण्याच्या दृष्टीने १४ कॅरेट जास्त टिकाऊ. फक्त ही दोन सोनी एका बोटात नकोत, आईंची अंगठी झिजेल. तिथे लग्नाची अंगठी उजव्या हातात घालायची पद्धत आहे, तेव्हा डावा हात आईंच्या अंगठीसाठी मोकळाच आहे.

प्रश्न : सासऱ्यांची जुनी वेढणी आहे, अंदाजे तोळ्याची. ती वितळवून लेक आणि जावई यांच्यासाठी एकसारख्या दोन अंगठ्या कराव्यात असा विचार आहे. जावयांना हिरा हवा आहे. – एक वाचक, सांगली

उत्तर : एकाच मुशीतल्या सोन्याच्या दोन अंगठ्या, याहून जुळती जोडी दुसरी नाही. फक्त कस आधी पाहा. जुनी वेढणी बहुधा चांगल्या सोन्याची असते, पण ‘असते’ म्हणून चालत नाही. हॉलमार्किंग केंद्रात थोडं शुल्क घेऊन दागिना तपासून देतात. तो अहवाल हातात घेऊनच पेढीवर जा.

समजा १० ग्रॅम निघाले आणि कस ९१६ आला. त्यात शुद्ध सोनं ९.१६ ग्रॅम. हिऱ्यासाठी ते १८ कॅरेटवर आणलं तर मिश्रण घालून १२.२ ग्रॅमच्या आसपास धातू तयार होतो. घडणीतली तूट वेगळी. वजन वाढलं म्हणून सोनं वाढलं असं नाही आणि वाढलेल्या वजनाचे सोन्याच्या दराने पैसेही देऊ नका. एक अंगठी २२ ची आणि दुसरी १८ ची केली तर दोन्हींचे रंग वेगळे पडतील, म्हणून दोन्ही १८ मध्येच करा.

तयार अंगठीवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, १८ कॅरेटचा ७५० हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असे तीन शिक्के हवेत. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून बघा. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, तुमच्या अंगठ्या त्याहून जड होतील, त्यामुळे ही सबब ऐकून घेऊ नका.

आणि वेढणी वितळवताना लेक-जावयाला सोबत न्या. मुशीत घालण्याआधीचं आणि लगड निघाल्यानंतरचं, दोन्ही वजनं तुमच्यासमोर करून पावतीवर लिहून घ्या. आत आजोबांचं नाव किंवा साल कोरलेलं असेल तर त्याचा फोटो आधी काढून ठेवा. तेच अक्षर नव्या अंगठ्यांच्या आत कोरून देता येतं.