टस्कनीचं नंतर बघू, आधी ती सही

पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. थोडक्यात असं: 'वय २९. तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरअखेर माझं लग्न आहे. डिसेंबरात हनिमूनला इटलीत, टस्कनीच्या द्राक्षमळ्यांत आठ दिवस जायचंय. खर्च ४ लाख धरलाय, हाताशी २ लाख आहेत. उरलेल्यासाठी पर्सनल लोन घेऊ की एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) मोडू? राहण्याची सोय झाली आहे. परवाच २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप (पैसे भरून दर वर्षी कंपनीच्या रिसॉर्टात ठरावीक रात्री राहायचं) घेतली, तिच्यातून परदेशी रिसॉर्टशी अदलाबदल करता येते. बायकोला सरप्राइज द्यायचं आहे. पुढेमागे नको वाटली तर मेंबरशिप नफ्यात विकताही येते.'

विचारलेल्याचं उत्तर आधी देतो: लोनही नको, एसआयपीही मोडू नका. टस्कनी डिसेंबरात नकोच. फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधल्या कियांतीच्या टेकड्यांवर तोडणी होते सप्टेंबर-ऑक्टोबरात. डिसेंबरात वेलींवर पान नसतं, पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि मळ्यांतली बरीच घरगुती निवासं हिवाळ्यात बंद असतात. ४ लाख देऊन तुम्ही काड्या बघून याल.

आपल्या नाशिकचं गणित उलटं आहे. इथला बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फुटीसाठी) करतो, पाऊस सरता सरता गोडी छाटणी (फळासाठी), आणि माल उतरतो जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे तुमच्या लग्नानंतर दोनच महिन्यांनी गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरीकडे वाइनरीत द्राक्षांच्या पाट्या येत असतात. तीन रात्री, वाइन टेस्टिंग, जेवणखाण, गाडी मिळून ५० हजारांत बसवा. (चाकणचा ट्रॅफिक फुकट.) उरलेले दीड लाख अडीअडचणीला ठेवा. नव्या संसारात पहिल्या सहा महिन्यांत काय काय निघतं, ते आईला विचारा.

आता मेंबरशिप. तुम्ही ती पत्रात दोन-तीन ओळींत उरकलीत, मला मात्र तिथून पुढे वाचवेना. म्हणून बाकीचं तुमच्याकडून विचारून घेतलं.

मॉलमध्ये दादा-वहिनींनी कूपन भरलं, 'लकी ड्रॉ' लागला, तिघं हॉटेलात गेलात आणि चार तास बसलात. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मेंबर झालं की सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. 'आजच सही केली तर १ लाख सूट.' दादांनी सही केली नाही, तुम्ही केलीत. अशा टेबलावर मीही एकदा बसलोय. उद्या येतो म्हटल्यावर समोरच्या माणसाचं हसू कसं मावळतं, ते मी पाहिलंय. जी सूट उद्या मिळत नाही, ती सूट नसते हो.

किंमत ४.५ लाख. ५० हजार रोख, बाकी ४ लाखांचं कर्ज, 'फक्त सव्वाआठ टक्के' व्याजानं, ४८ हप्ते. हे सव्वाआठ टक्के फ्लॅट आहेत. म्हणजे तीन वर्षं हप्ते भरून झाले तरी व्याज पूर्ण ४ लाखांवरच मोजलेलं. हप्ता येतो ११,०८३. घटत्या शिलकीवर मोजलं तर दर १५ टक्क्यांच्या आसपास जातो. रोख ५० हजार धरून एकूण ५ लाख ८२ हजार गेले.

त्यावर वार्षिक देखभाल शुल्क २० हजार, तुम्ही जा किंवा जाऊ नका. ते दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढलं तर २५ वर्षांत ११ लाख होतात. सगळे मिळून १७ लाख. मिळतात वर्षाला सहा रात्री, म्हणजे एकूण १५०. रात्रीला ११ हजारांच्या वर, जेवण आणि प्रवास वेगळा. पुढचे रुपये स्वस्त असतात म्हणाल, तर आजच्याच भावानं धरू: तरी रात्रीला ७,२०० पडतात. तेही एकही वर्ष न चुकवता गेलात तर. आणि तुमचा हंगाम कुठला, तर 'निळा', म्हणजे ना दिवाळी, ना मे महिना. त्या दिवसांत बरीच हॉटेलं आपणहून भाव उतरवतात.

अदलाबदलीनं टस्कनी मिळेल, हे करारात कुठे लिहिलंय ते मला दाखवा. 'उपलब्धतेनुसार' हा शब्द मात्र नक्की सापडेल. अदलाबदलीची फी वेगळी. नफ्यात विकण्याचं तर विसराच. विकत घेणाऱ्याला तुमचं देखभाल शुल्कही घ्यावं लागणार, ते कोण हौसेनं घेईल? इंटरनेटवर अशा जुन्या मेंबरशिपच्या जाहिराती शोधा आणि मूळ किमतीच्या किती टक्क्यांना मागतायत ते बघा.

आज रात्री हे करा. करारात रद्द करण्याची मुदत शोधा, काही करारांत दहा-पंधरा दिवसांची असते. ती उरली असेल तर ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीनं 'रद्द करा, पैसे परत द्या' असं कळवा. फोनवर बोलू नका, फोनवर ते गोड बोलून मुदत घालवतात. मुदत गेली असली तरी लेखी मागणी कराच. सेल्समनचे व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवा, विशेषतः विकण्याबद्दलचा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची.

एक मात्र करू नका: रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. मेंबरशिपचा करार कंपनीशी आहे, कर्जाचा वित्तसंस्थेशी. भांडण एकीशी आणि सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) बिघडेल दुसरीमुळे, मग घराच्या कर्जाच्या वेळी तुम्हीच रडाल.

कर्ज सुटलं तर हाच ११ हजारांचा हप्ता बँकेच्या आरडीत (आवर्ती ठेवीत) टाका. तीन वर्षांत ४.४ लाखांच्या घरात जाल, आणि टस्कनीला सप्टेंबरात, वेलींवर द्राक्षं असताना जाता येईल.

आणि सरप्राइजचं. चार वर्षांचं कर्ज हे सरप्राइज नसतं, मुलीकडच्यांपासून लपवलेलं देणं असतं. पत्रिका छापायच्या आधी तिला सांगा, हे आकडे कागदावर मांडून. अर्जात 'सहअर्जदार' म्हणून तिचं नाव घातलंय का, तेही तेव्हाच बघा. या योजना जोडप्यांना विकतात, तो रकाना त्यांनी रिकामा सोडला असेल असं मला वाटत नाही.