मुंगळा म्हणजे मुंगीचा नवरा?

प्रश्न असा आलाय की मुलीच्या प्रोजेक्टला कारपेंटर अँट दिलीय, तर मराठीत सुतारमुंगी लिहायचं का मुंगळा, आणि मुंगळा म्हणजे नर मुंगीच ना?

आधी दुसरं घेतो. नाही. मराठीत मोठं ते पुल्लिंगी, छोटं ते स्त्रीलिंगी अशी सवयच आहे, सुरा-सुरी, गाडा-गाडी, दांडा-दांडी, तसंच मुंगळा-मुंगी, इथं लिंग साइजचं आहे. आणि गंमत बघा, ओट्यावर गुळाच्या डब्याभोवती फिरणारे ते काळे मुंगळे सगळेच्या सगळे बायका, कामकरी माद्या! एकाच वारुळात बारक्या पण असतात आणि मोठ्या डोक्याच्या पण, आपण एकीला मुंगी म्हणतो नि दुसरीला मुंगळा, त्या निघतात बहिणी. खरा नर पंखवाला, राणीशी जमलं की थोड्याच वेळात मरतो, आणि तो फळलेल्या अंड्यातून येतच नाही म्हणजे त्याला बापच नसतो :)

आता सुतारमुंगी. हे सरळसरळ भाषांतर आहे आणि मला पटत नाही. अमेरिकेतल्या काही जाती लाकूड पोखरून घर करतात, भुसा बाहेर टाकतात (खात नाहीत हां, खाते ती वाळवी), म्हणून तिकडं कारपेंटर. आपला नेहमीचा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, 1787 मधे फाब्रिसिअस ह्या डॅनिश कीटकशास्त्रज्ञानं हे शास्त्रीय नाव दिलेला, त्याच वंशातला, पण घर मातीत करतो, बऱ्याचदा झाडाच्या बुंध्याशी. रंध्याशी ह्याचा संबंध काय? म्हणायचंच तर गवळी म्हणा. पुण्यात वेताळ टेकडीवर रुईचं पान उलटून बघा, पिवळा मावा (झाडाचा रस शोषणारी बारकी कीड) बसलेला असतो आणि मुंगळा मिशांनी त्या एकेका किडीच्या पाठीवर टकटक करतो, मागून गोड थेंब येतो, तो पिऊन पुढची. पोट फुगेपर्यंत हेच.

तेव्हा प्रोजेक्टमधे मुंगळाच लिहा. आमची आजी साताऱ्याकडची, ती डोंगळा म्हणायची, तेही चालेल. फक्त 'मुंगळा डसला' लिहू नका, त्याला नांगी नसते, तो चावतो आणि वर त्या जखमेवर पोटाच्या टोकातून फॉर्मिक ॲसिड सोडतो, त्यानं चुरचुरतं.