टोकियोत आई-वडिलांसोबत एकच मोकळा दिवस: असाकुसा ते यानाका

आपण विचारले आहे की, सहल कंपनीबरोबरची जपान यात्रा संपल्यावर परतीच्या विमानाआधी टोकियोत एक पूर्ण दिवस हाताशी आहे, सोबत सत्तरी ओलांडलेले शाकाहारी आई-वडील आहेत, आईचे गुडघे दुखतात, आणि असाकुसा, आकिहाबारा, शिबुया, हाराजुकु व टोकियो टॉवर हे सगळे त्या एका दिवसात बसेल का. मी गेली अनेक वर्षे टोकियोच्या निशी-कासाई भागात राहते आणि घरी आलेल्या कितीतरी वडीलधाऱ्यांना हे शहर दाखवले आहे. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की हे सगळे बसवता येईल, पण आई-वडिलांच्या हाती थकव्याखेरीज काही उरणार नाही. त्याऐवजी शहराचा पूर्वेकडचा एकच कोपरा निवडावा आणि तो पोटभर पाहावा.

कारण सांगते. टोकियोत गाडीतला प्रवास दमवत नाही, दमवतात ती स्थानके. नकाशावर दोन ठिकाणांत वीस मिनिटांचे अंतर दिसते, परंतु मोठ्या स्थानकात गाडी बदलताना जिने, भुयारी वाटा आणि गर्दीचा लोंढा यांतून जे चालावे लागते ते त्या वीस मिनिटांत धरलेले नसते. माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना शिंजुकुमार्गे नेले होते. त्या स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत. चुकीच्या दाराने बाहेर पडून आम्ही जवळजवळ पाऊण तास चाललो, आणि आई एका खांबाला टेकून म्हणाली, "आता मला काही दाखवू नकोस, नुसते कुठेतरी बसव." तेव्हापासून मी एका दिवसात एकच भाग असा नियम पाळत आले आहे.

सकाळी सातच्या सुमारास निघावे. साडेसात ते साडेनऊ या वेळेत कचेरीला जाणाऱ्यांची गर्दी असते आणि त्या गर्दीत वृद्धांना उभे राहणेही कठीण जाते. यात्रा संपत आलेली असल्यामुळे त्यांना जपानच्या वेळेची सवय झालेली असेल, नाहीतर आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असलेल्या घड्याळामुळे इतक्या लवकर निघणे मी सुचवले नसते. सुइका किंवा पासमो हे आगाऊ पैसे भरलेले प्रवासाचे कार्ड प्रत्येकाचे वेगळे घ्यावे, कारण एका कार्डावर दोघांना फाटकातून जाता येत नाही. गिंझा मार्गाने असाकुसाला उतरावे. या मार्गाचा असाकुसा ते उएनो हा तुकडा 30 डिसेंबर 1927 रोजी सुरू झाला आणि तो आशियातला पहिला भुयारी रेल्वेमार्ग होता, हे वडिलांना जरूर सांगावे. रेल्वेच्या गोष्टी त्या पिढीला आवडतात.

असाकुसातल्या सेन्सोजी या बौद्ध मंदिराचा गाभा उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि ऑक्टोबर ते मार्च या काळात साडेसहाला उघडतो, तर समोरच्या नाकामिसे बाजारातली दुकाने नऊ-दहाच्या आधी फारशी उघडत नाहीत. हीच मधली वेळ साधायची आहे. तेव्हा सुमारे अडीचशे मीटरच्या त्या फरसबंद वाटेवर मोजकी माणसे असतात आणि बंद दुकानांच्या पत्र्यांवर जुन्या असाकुसाची रंगवलेली चित्रे दिसतात, जी दुकाने उघडली की दिसेनाशी होतात. या वाटेच्या तोंडाशी असलेल्या कामिनारीमोन या दारातला लाल कंदील जवळजवळ चार मीटर उंच आणि सातशे किलो वजनाचा आहे. त्याच्या बरोबर खाली उभे राहून वर पाहिले तर तळाशी लाकडात कोरलेला नाग-ड्रॅगन दिसतो. बहुतेक लोक समोरून छायाचित्र काढून पुढे निघून जातात.

या मंदिराची कथा अशी की सन 628 मध्ये दोन कोळी भावांना सुमिदा नदीत जाळ्यात कान्नोनची मूर्ती सापडली. ही कान्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला हाती कमळ धरलेला पद्मपाणी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे नाते सांगितले की मंदिर एकदम परके वाटेनासे होते. मूळ मूर्ती मात्र कोणालाच दाखवली जात नाही. जुने मुख्य मंदिर मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात जळाले आणि आजची वास्तू 1958 मध्ये उभी राहिली. समोरच्या मोठ्या धुपाटण्याचा धूर लोक ओंजळीने अंगावर घेतात, आणि जो अवयव दुखतो तिथे तो लावतात. माझ्या आईने कोणी न सांगता तो गुडघ्यांना लावला होता, आपण आरतीनंतर ज्योतीवरचे हात चेहऱ्यावरून फिरवतो तसा. शंभर येन टाकून डबा हलवायचा, निघालेल्या काडीवरच्या क्रमांकाचा खण उघडायचा आणि त्यातले भविष्य वाचायचे, हा प्रकारही करून पाहण्यासारखा आहे. या मंदिरात अशुभ चिठ्ठ्या बऱ्याच निघतात. तशी निघाल्यास ती तिथल्याच दांडीला बांधून यायची असते, घरी आणायची नसते. हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या मनाला रुखरुख लागत नाही.

परतताना दुकाने उघडू लागलेली असतात. कामिनारी-ओकोशी हा तांदूळ फुलवून पाकात घट्ट केलेला खाऊ मुरमुऱ्याच्या लाडवाच्या जवळचा आहे, त्यामुळे तो ज्येष्ठांना लगेच आवडतो. खाऊ दुकानापाशी उभे राहून खावा, चालत खाऊ नये, आणि वेष्टने पिशवीत ठेवावीत, कारण रस्त्यांवर कचरापेट्या जवळजवळ नसतात. कामिनारीमोनसमोरच्या रस्त्यापलीकडे वास्तुविशारद केंगो कुमा यांनी आराखडा केलेले पर्यटन माहिती केंद्र आहे. ते नऊला उघडते. लिफ्टने आठव्या मजल्यावर गेल्यास नाकामिसेची सरळ रेघ, मंदिराचे छप्पर आणि नदीपलीकडचा 634 मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा हे सारे एका नजरेत दिसते, आणि त्यासाठी एक येनही पडत नाही. टोकियो टॉवरला जाणे रद्द करावे असे मी म्हणते, ते याच्या भरवशावर. तिथे निवांत बसावे. दहा-साडेदहापर्यंत कसलीही घाई नाही.

त्यानंतर पुन्हा गिंझा मार्गाने उएनो-हिरोकोजीपर्यंत यावे. जेवणाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण शाकाहारी माणसाची इथे खरी पंचाईत होते. सोबा किंवा उदोन या नूडल्सच्या वाडग्यात मासा दिसत नसला तरी त्याच्या रश्शातली दाशी, म्हणजे मूळ अर्क, बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाची असते. "मांस नको" एवढेच सांगितल्याने ती टळत नाही. उएनो-हिरोकोजीला लागून असलेला ओकाचिमाची हा जवाहिऱ्यांचा भाग आहे, तिथे भारतीय रत्नव्यापारीही आहेत, आणि शाकाहारी भारतीय जेवण तिथे मिळते. जपानी जेवणाचा आग्रह असेल तर शोजिन र्योरी हे बौद्ध मठांतले शाकाहारी जेवण आधी जागा राखून घ्यावे, पण ते संध्याकाळी आणि स्वतंत्र वेळ काढून. या दिवसाच्या मध्ये ते बसवू नये. पिशवीत ओनिगिरी, म्हणजे उमेबोशी हे खारवलेले आंबट फळ घातलेले भाताचे गोळे, आणि घरच्या दशम्या असल्या तर उत्तम. ओनिगिरीच्या वेष्टनावरचे घटक मात्र मोबाइलच्या भाषांतराने तपासून घ्यावेत.

जेवणानंतर शिनोबाझु तळ्याकाठी यावे. जुलै-ऑगस्टमध्ये हे तळे कमळांनी इतके भरते की पाणी दिसत नाही. इतर ऋतूंत तिथे बदके असतात. तळ्यातल्या बेटावर बेन्तेनदो हे बेन्झाइतेनचे मंदिर आहे, आणि बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती. समोर बिवा या तंतुवाद्याचे दगडी शिल्प आहे. आई तिथे चप्पल काढू लागली आणि "वीणा कशी बाई अशी आखूड?" असे म्हणत बराच वेळ त्या दगडावरून हात फिरवत राहिली. बाजूला स्मारकशिळा दाटीने उभ्या आहेत: एक चष्म्याची, एक झिजलेल्या स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी, एक फुगु या विषारी माशासाठी. खंडेनवमीला विळी-कोयत्याला हळदकुंकू वाहणाऱ्या माणसांना हे समजावून सांगावे लागत नाही. या बेटाला अर्धा तास तरी द्यावा. माझ्या मते हा संपूर्ण दिवसाचा गाभा आहे.

तिथून टेकाडावर असलेल्या उएनो उद्यानात जाताना थोडा चढ आहे, तो सावकाश चढावा. टोकियो राष्ट्रीय संग्रहालयात सत्तरीपुढच्या व्यक्तींना कायमस्वरूपी दालने विनामूल्य आहेत. वयाच्या पुराव्यासाठी पारपत्र जवळ ठेवावे. सगळे पाहण्याचा हट्ट करू नये. तोयोकान या इमारतीतली गांधार शैलीची बुद्धमूर्ती आणि होनकान या मुख्य इमारतीतली निवडक दालने एवढे पुरे. वाटेवरच्या पाश्चात्त्य कला संग्रहालयाची इमारत वास्तुविशारद ल कार्ब्युझिए यांची आहे आणि चंदीगडच्या कॅपिटल संकुलाबरोबर 2016 मध्ये ती एकाच जागतिक वारसा नोंदीत आली. बाहेरून पाहिले तरी चालेल. सोमवारी ही संग्रहालये सहसा बंद असतात आणि यानाकातलीही बरीच दुकाने बंद असतात, त्यामुळे आपला दिवस सोमवार असेल तर मला कळवावे, मी वेगळा बेत सांगेन.

साडेतीनच्या सुमारास यामानोते मार्गाने उएनोहून निप्पोरीला यावे. मध्ये एकच स्थानक आहे. पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडले की यानाका सुरू होतो. 1923 चा भूकंप आणि 1945 चे बाँबहल्ले या दोन्हींतून या भागाचा बराचसा हिस्सा वाचला, म्हणून इथल्या गल्ल्या अरुंद, घरे बुटकी आणि देवळे पावलापावलावर आहेत. युयाके दानदान म्हणजे सूर्यास्ताच्या पायऱ्या उतरून यानाका गिंझा या छोट्या बाजारात जाता येते. गुडघे दुखत असतील तर पायऱ्या टाळून शेजारच्या शिचिमेनझाका या उताराने वळसा घ्यावा. डिसेंबरमध्ये सूर्य साडेचारलाच मावळतो आणि जूनमध्ये सातला, त्याप्रमाणे वेळ मागेपुढे करावी. बाजारात विशेष खरेदी नाही. चहाची पाने, वेताच्या टोपल्या, मांजरांच्या आकाराचे खाऊ. शेजारच्या घरांपुढे कुंड्यांच्या रांगा असतात आणि संध्याकाळी कोणीतरी आजी त्यांना पाणी घालत असतात. माझे बाबा अशाच एका घरासमोर थांबले, आजींनी कुंडीतल्या शेवंतीकडे बोट दाखवून काहीतरी सांगितले, बाबांनी मराठीत उत्तर दिले, आणि दोघांचे पाच मिनिटे बोलणे झाले.

परतीची गर्दी साडेपाचनंतर वाढते, तेव्हा त्याआधी निप्पोरीला पोहोचावे, किंवा एखाद्या जुन्या कॉफीगृहात सात वाजेपर्यंत बसून राहावे. आईंचे गुडघे लक्षात घेता मी दुसरा पर्याय निवडेन. आपला मुक्काम कोणत्या स्थानकाजवळ आहे ते लिहिले, तर लिफ्ट असलेले दार आणि गाडी बदलण्याचे सोयीचे स्थानक तेवढे सांगता येईल.