वेण्या रात्रभर टिकवायच्या तर आधी मानेची खाज थांबवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रविवारी सकाळी सातला घोडेस्वारीच्या स्पर्धेत मुलीचा पहिल्याच गटात नंबर, म्हणून घोड्याच्या आयाळीच्या वेण्या शनिवारीच घालायच्या. पण मागच्या वेळी सकाळी बघितलं तर निम्म्या विस्कटलेल्या होत्या. यावर दोघातिघांनी तुम्हाला लायक्राचा हूड, म्हणजे घोड्याचं डोकं-मान झाकणारं ताणदार कापडी आवरण, घ्यायला सांगितलंय. हूड वाईट नाही, पण त्याचा नंबर शेवटचा. वेणी रात्रीतून आपोआप सुटत नाही, घोडा ती घासून सोडवतो, आणि घासतो कारण मान खाजते. खाज तशीच ठेवून वर हूड चढवला तर तो हुडासकट घासेल.

खाजेचं पहिलं कारण आपली हवा. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठेही जा, दिवे लागणीच्या वेळी आणि पहाटे चिलटं उठतात, आणि आयाळीचं मूळ, शेपटीचं मूळ ही त्यांची आवडती जागा. ती एवढीशी असतात आणि त्यांना वाऱ्यात उडता येत नाही, म्हणून ठाणावर मोठा पंखा लावला की निम्मं काम होतं. पंखा आणि त्याची वायर मात्र घोड्याच्या तोंडाला लागणार नाही अशी हवी. किडे पळवायचा घोड्यांचा स्प्रे मारायचा तर वेण्या घालायच्या आधी मारा. तेलकट स्प्रे वेण्यांवर बसला की धूळ चिकटते. कडुनिंबाची धुरी गुरांच्या गोठ्यात चालते, बंद तबेल्यात घोड्याजवळ नको. त्याच्या छातीला धूर सोसत नाही.

यावरूनच वेळ ठरते. संध्याकाळी पाचला वेण्या घालून मोकळं होऊ नका. दिवे लागले, चिलटांचा जोर ओसरला, घोडा चंदी खाऊन शांत झाला, की मग आठ-साडेआठला बसा.

दुसरं कारण आपणच असतो. स्पर्धा म्हणून आदल्या दिवशी शॅम्पू, वर कंडिशनर, आणि आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे चकाकीसाठी खोबरेल. तिन्ही चुकीच्या वेळी. नुकता धुतलेला केस बोटांतून निसटतो, तेल लावलेला तर धरताच येत नाही, आणि मुळाशी राहिलेला शॅम्पू रात्रभर खाजवतो. आयाळ गुरुवारी धुवा, मुळापर्यंत स्वच्छ पाणी जाऊ द्या, पुरती वाळवा. शनिवारी नुसता ओला कंगवा फिरवायचा. केस फारच उडत असतील तर बोटभर हेअर जेल. खोबरेल लावायचंच असेल तर स्पर्धा झाल्यावर लावा.

आता वेणी. मागच्या वेळी रबरबँड वापरले असं तुम्ही लिहिलंय. दिवसापुरते ठीक, पण रात्री ते एक तर तुटतात नाही तर केस कापतात. आयाळीच्या रंगाची लोकर घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक गुंडा घेतलात तर वर्षभर पुरेल. सोबत बोथट टोकाची जाड सुई. हातभर लोकर दुमडून ठेवा, वेणी दोन तृतीयांश झाली की ती दुमड पेडांत घालून शेवटपर्यंत विणत न्या आणि टोकाला गाठ मारा. मग लोकरीची टोकं सुईत ओवून वेणीच्या मुळाशी खालून वर काढा, वेणी दुमडून घ्या, पुन्हा एकदा दुमडून गोळा करा आणि गोळ्याच्या मधून टाका घाला. नुसता भोवती गुंडाळलेला धागा सकाळपर्यंत सरकतो, मधून गेलेला हलत नाही.

घट्टपणाचा अंदाज हातालाच येतो, पण एक खूण सांगतो. वेणी शिवून झाली की मूठभर चारा जमिनीवर टाकून घोड्याला मान खाली घालू द्या आणि मुळाकडे बघा. कातडी वेणीबरोबर वर ओढली जाऊन टोक आलं असेल तर ती वेणी रात्रभर त्याला टोचणार. लहानपणी आईने शाळेला जाताना करकचून घातलेली वेणी आठवा, मधल्या सुट्टीपर्यंत डोकं ठणकायचं. पहिले दोन पेड सैल, पुढचे आवळून, असं केलं की गोळा घट्ट राहतो आणि मूळ मोकळं.

कपाळावरची झुलपी आणि खोगिरापाशी खांद्याच्या उंचवट्यावरच्या शेवटच्या एक-दोन वेण्या रात्री घालूच नका. घोडा डोकं दाराला घासतोच आणि ते टोकही आधी विस्कटतं. सकाळी दहा-पंधरा मिनिटांत होतात. शेपटीला वेणी किंवा पट्टी रात्रभर बांधून ठेवायची तर अजिबात नाही. पट्टी आवळली की शेपटीचा रक्तपुरवठा अडतो, आणि त्यातून झालेली इजा वेणी विस्कटण्याइतकी किरकोळ नसते.

घोडा मारवाडी आहे आणि आयाळ लांब ठेवलीय असं दिसतंय. सारंगखेड्याच्या बाजारात असे घोडे पाहिले असतील तर त्या मोकळ्या आयाळीचा डौल तुम्हाला सांगायला नको. वर सांगितलेले गोळे आखूड आयाळीचे, त्यांच्यासाठी ही कापू नका. लांब आयाळीला मानेच्या काठाने, बाजूचे केस घेत जाणारी एकच सलग वेणी शोभते. पण ती रात्र काढत नाही, कारण घोडा चरायला वाकला की मानेचा काठ लांबतो आणि वेणी ताणून ढिली पडते. ती सकाळीच घाला, आणि घालताना घोड्याची मान खाली असू द्या. रात्रीसाठी आयाळीच्या पाच-सहा सैल साध्या वेण्या करून सोडा, म्हणजे गुंता होणार नाही.

हुडाबद्दल. मारवाडीचे कान आत वळलेले, टोकाला टोक भिडणारे. बाजारातले हूड सरळ कानांच्या घोड्यांसाठी शिवलेले असतात. हुडाच्या भोकांत कान दाबले गेले की घोडा रात्रभर डोकं झाडतो. शिवाय हूड सरकून डोळ्यावर आला तर तो बिथरतो. त्यामुळे नवा हूड स्पर्धेच्या आदल्या रात्री पहिल्यांदा चढवू नका. आठवडाभर आधी दिवसा तासभर, मग तुमच्या डोळ्यांसमोर दोन तास, असं करून बघा. घालाल तेव्हा आत हात घालून घाम तपासा. आपल्या दमट हवेत डिसेंबरातसुद्धा घाम येतो, आणि घामाने खाज, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मान ओलसर लागली की हूड काढून टाका.

ठाणावर एक नजर टाका: बादलीचा कान, खिडकीची कड, बाहेर आलेला खिळा, म्हणजे जिथे मान घासता येईल ते सगळं. चाऱ्याची जाळी उंच टांगली तर चाऱ्याचा सगळा कचरा थेट वेण्यांत पडतो, म्हणून चारा खालीच द्या. आंथरायला बारीक लाकडी भुसा असेल तर तो लोकरीत जाऊन बसतो. एका रात्रीपुरता भाताचा लांब पेंढा बरा, सकाळी काडी काडी वेचता येते. मोतद्दाराला हे शुक्रवारीच सांगून ठेवा. (शिमग्याला लाकडी घोडा कमरेला बांधून नाचणाऱ्या सत्तरी-डिचोलीच्या घोडेमोडणीवाल्यांचं बरं आहे, त्यांचा घोडा रात्री मान घासत नाही.)

सकाळी पाचला आधी चंदी, मग मऊ ब्रश, मग वेण्या बघायच्या. एखादी सुटली असेल तर तेवढीच उसवून पुन्हा घाला, शेजारच्यांना हात लावू नका. वर उभे राहिलेले बारीक केस ओल्या स्पंजने दाबा. कात्रीने छाटलेत तर पुढच्या महिन्यात मानेवर खुंट उभे राहतील. आणि मुलगी उड्यांच्या स्पर्धेत उतरणार असेल तर वेण्यांना गुण नसतात, तिथे पडलेले दांडे आणि घड्याळ मोजतात. फार विस्कटल्या तर सगळ्या सोडून आयाळ नीट विंचरून न्या.

गट संपला की वेण्या त्याच दुपारी सोडवायच्या, दुसरी रात्र नाही. कात्री नको, शिंप्याकडचा टाके उसवायचा काटा घ्या. लोकर तेवढी कापली जाते, केस वाचतात.